आजोबांच्या ट्रंकेत वांगी रंगाची फुटबॉल जर्सी सापडली. विकू, धुऊ की ठेवू?

डबलडेकर

लोकहो, लालबागची आमची चाळ पुनर्विकासात गेली. खोली रिकामी करताना पोटमाळ्यावरून आजोबांची (आईचे वडील) पत्र्याची ट्रंक उतरवली. वर लग्नपत्रिका, खाली सोवळं, आणि सोवळ्याच्या खाली ही जर्सी. वांगी रंग, पूर्ण बाह्या, पांढरी कॉलर, पाठीवर पांढऱ्या कापडाचा ८ आकडा शिवलेला. पोटाशी दोन ठिकाणी कसर लागली आहे. उजव्या कोपरावर तपकिरी डाग आहे, तो बहुतेक चिखलाचा.

सोबत चामड्याचा लेसवाला बॉल आहे. हवा नाही, ज्वारीच्या भाकरीसारखा बसलाय. त्यावर धोबीतलावच्या दुकानाचा शिक्का आहे, दुकानाचं नाव पुसलंय पण 'मुंबई २' वाचता येतं. शिवाय कूपरेजची (मुंबईतलं फुटबॉलचं मैदान) दोन तिकिटं आणि हिशेबाची एक लांबट चोपडी.

आजोबा तीसेक वर्षं गिरणीत होते. फुटबॉलचं वेड होतं. ८६ च्या विश्वचषकाला दूरदर्शनसमोर मला मांडीवर घेऊन रात्र रात्र जागायचे, आजी शिव्या घालायची. पण स्वतः खेळल्याचं कधी बोलले नाहीत. जर्सी बघितल्यावर वाटलं, गिरणीच्या टीममध्ये असणार.

प्रश्न तीन. हिला काही किंमत आहे का? जपायची कशी? आणि मामी म्हणतेय सर्फमध्ये रात्रभर भिजव, भिजवू का?

शिलाई_मशीन

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही, नाही आणि नाही. मामींना बादलीपासून लांब ठेवा. बाकीचं सविस्तर रात्री लिहिते.

मॅटिनी

माराडोनाची जर्सी ७१ लाख पौंडाला गेली म्हणे. तुमचं अर्धं घर झालं समजा. बिल्डरला सांगा, थ्री बीएचके.

कॉलरवाला

मॅटिनी, चेष्टा सोडा, पण त्या जर्सीची गोष्ट इथे कामाची आहे. २२ जून १९८६, मेक्सिको सिटी, इंग्लंडविरुद्धची उपांत्यपूर्व फेरी. अर्जेंटिनाला निळ्या जर्सीत खेळायचं होतं, आणि त्यांच्याकडची निळी जर्सी दुपारच्या उन्हात नकोशी जड. म्हणून आदल्या दिवशी मेक्सिको सिटीतल्या दुकानांतून हलक्या निळ्या जर्सी विकत आणल्या, घाईघाईत बिल्ले शिवले, चंदेरी आकडे इस्त्रीने चिकटवले. म्हणजे जगातली ती सगळ्यात गाजलेली जर्सी आपल्या दादर स्टेशनबाहेरच्या खरेदीसारखीच आणलेली होती. सामना संपल्यावर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने ती माराडोनाकडून बदलून घेतली. त्याने ती अनेक वर्षं मँचेस्टरच्या फुटबॉल संग्रहालयात ठेवायला दिली होती आणि मे २०२२ मध्ये लिलावात काढली.

तेव्हा माराडोनाच्या घरच्यांनी हरकत घेतली, की ही पहिल्या अर्ध्यातली, गोल झाले तेव्हाची नव्हे. मग लिलाव करणाऱ्यांनी सामन्याचे फोटो घेऊन बिल्ल्याची शिवण, आकड्यांवरचे पट्टे एकेक जुळवून दाखवले. जर्सी खरी ठरली ती अशी. पुढे त्याच सामन्यातला बॉल रेफरी अली बिन नासर यांनी विकला, तो २० लाख पौंडाला गेला.

सांगायचा मुद्दा असा की कापडाला किंमत नसते. हे कापड त्या दिवशी त्या अंगावर होतं, हे दाखवता आलं तर किंमत. डबलडेकर, तुमच्याकडे आजोबांचा त्या जर्सीतला फोटो आहे का?

डबलडेकर

फोटो नाही. लग्नाचा एक आणि गिरणीच्या ओळखपत्रावरचा एक, बस्स.

रद्दीपारखी

कॉलरवाला, तुमचं परदेशी जर्सीचं ज्ञान मोठं आहे, मान्य. पण तुम्ही लोक एक गोष्ट विसरता. बार्सिलोनाची ९२ ची जर्सी पैसे टाकले की मिळते. कूपरेजच्या साठ सालच्या सामन्याचं छापील माहितीपत्रक पैसे टाकूनही मिळत नाही, कारण ते कोणी ठेवलेलंच नाही. मी गेली बावीस वर्षं फोर्टच्या फुटपाथवर, माटुंग्याच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे, मटन स्ट्रीटला शुक्रवारी पहाटे आणि गिरगावातल्या झाडून सगळ्या रद्दीवाल्यांकडे हेच शोधतोय. क्रिकेटचं पोत्याने मिळतं. फुटबॉलचे कागद हाताच्या बोटांवर.

आणि इतिहास काही लहान नाही हो. रोव्हर्स कप याच शहरात १८९१ साली सुरू झाला. पहिला चषक वूस्टरशायर रेजिमेंटच्या गोऱ्या सोल्जरांनी नेला, आणि पुढे चाळीसहून अधिक वर्षं तो पलटणींमध्येच फिरत राहिला. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने तो पहिल्यांदा गोऱ्यांच्या हातून काढला, ३८ मध्ये परत जिंकला. मग हैदराबाद सिटी पोलीस, १९५० ते ५४, सलग पाच वेळा. त्या पोलिसांचे प्रशिक्षक रहीमसाहेब हेच पुढे भारताला मेलबर्न ऑलिंपिकला चौथ्या क्रमांकावर आणि १९६२ ला जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदकावर घेऊन गेले. २०००-०१ नंतर रोव्हर्स बंदच पडला. एकशे दहा वर्षांची स्पर्धा, आणि मुंबईकराला विचारा, तो म्हणेल 'रोव्हर्स? ती गाडी ना?'

मला जर्सी नको. तिकिटांवर भाव काय छापलाय ते सांगा.

डबलडेकर

एकावर '८ आणे'. दुसऱ्यावर '७५ न. पै.' न. पै. म्हणजे?

रद्दीपारखी

नये पैसे! शंभर पैशांचा रुपया एप्रिल १९५७ मध्ये आला. जुने आणे-पै लोकांच्या डोक्यात होते, म्हणून नव्या नाण्याला 'नया पैसा' म्हणायचे. १९६४ मध्ये 'नया' गळला. म्हणजे तुमचं दुसरं तिकीट ५७ ते ६४ मधलं, पहिलं बहुतेक त्याच्या आधीचं. बॉलवर 'मुंबई २' आहे म्हणजे तो बहुतेक १९७२ च्या आधीचा, कारण पिनकोड त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सुरू झाले. तोवर मुंबईत नुसता विभागाचा नंबर लिहायचे, गिरगाव मुंबई ४, काळबादेवी मुंबई २. कागदावर साल नसलं तरी कागद बोलतो, फक्त कुठे कान लावायचा ते माहीत पाहिजे.

पेठेतला_पोरगा

मुंबईकरांनो, जरा दक्षिणेकडं पण बघा की. आमच्या कोल्हापुरात अजून शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की पेठा ओस पडत्यात. आमचे चुलते तालमीकडून खेळायचे. त्यांची जर्सी घरी आहे का म्हणून विचारलं तर काकू म्हणाली, 'त्याची मी फरशी पुसायची केली'. काय बोलणार! डबलडेकरभाऊ, तुमच्या घरात सोवळ्याखाली ठेवली म्हणजे आजोबांनी लपवूनच ठेवली असणार बघा. सोवळ्याला कोण हात लावतंय?

कॉलरवाला

पेठेतला_पोरगा, +१. त्या फरशीला माझा नमस्कार.

रद्दीपारखी, परदेशी जर्सी नुसत्या पैशाने मिळतात असं नाही. पैसे टाकून खोटी मिळते. माझंच उदाहरण, हसायचं असेल तर हसा. चार वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून '८६ ची ओरिजिनल अर्जेंटिना' साडेसहा हजाराला घेतली. आकाशी-पांढरे पट्टे, पाठीवर १०, वर मोठ्या अक्षरांत माराडोना, छातीवर आदिदासचे तीन तिरके पट्टे. भिंतीवर काचेत लावली. पाहुण्यांना दाखवली. पुढच्या दिवाळीला पुण्याचा एक मित्र आला, पाच मिनिटं बघितली आणि म्हणाला, यात तीन चुका आहेत.

एक, ८६ ला अर्जेंटिनाची जर्सी ले कॉक स्पोर्टिफची होती, छातीवर कोंबडा. आदिदास ९० ला. दोन, तो तीन तिरक्या पट्ट्यांचा शिक्का १९९१ पासूनचा, त्याआधी तीन पानांचा असायचा. तीन, विश्वचषकात पाठीवर नाव छापणं १९९४ ला सुरू झालं. तेव्हा ८६ च्या पाठीवर नाव दिसलं की उठून निघायचं. त्या रात्री काच उतरवली. जर्सी आता मुलगा सोसायटीच्या ग्राउंडवर घालतो, निदान घामाला तरी लागतेय.

मॅटिनी

म्हणजे फॅशन स्ट्रीटला अडीचशेला मिळते तीच, सहा हजार अडीचशे नुसते काचेचे.

शिलाई_मशीन

आता सविस्तर. माझं काम कापडाच्या जतनाचं आहे (जुन्या पैठण्या, झेंडे वगैरे), फुटबॉलमधलं मला शून्य कळतं. पण सुती कापड ते सुती कापड.

धुवायची नाही. डिटर्जंटमधली उजळपणा आणणारी द्रव्यं जुन्या रंगात शिरतात आणि परत निघत नाहीत. साठ वर्षांचं जीर्ण कापड ओलं झालं की पाण्याच्या वजनाने फाटू शकतं. चिखलाचा डाग राहू दे, तो डाग नाही, ती नोंद आहे. मऊ ब्रशने वरची धूळ झटका, नाहीतर व्हॅक्यूमच्या तोंडाला जाळीचं कापड बांधून हलक्या हाताने फिरवा.

हँगरला लावायची नाही, खांदे ओढले जातात. सपाट ठेवा, घडी घालावीच लागली तर घडीत आम्लरहित कागदाचे बोळे भरा, नाहीतर घडीच्या रेषेवर फाटेल. तो कागद नाही मिळाला तर धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं पांढरं सुती कापड चालेल. वर्तमानपत्र मात्र कधीच नाही, त्यातलं आम्ल कापड पिवळं करतं. डांबराच्या गोळ्या नकोत. त्यांचा वास कापडातून जात नाही, प्लॅस्टिकवर आणि काही रंगांवर त्या परिणाम करतात, आणि तुमच्या फुप्फुसांचं काही भलं होत नाही.

कसर जिवंत आहे की जुनी, ते बघा. काळा कागद खाली ठेवून दोन दिवसांनी भुसा पडलाय का पाहा. पडला असेल तर जर्सी प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पूर्ण दिवस तशीच राहू दे, नाहीतर दमट हवेतलं पाणी कापडावर जमेल. मुंबईत खरा शत्रू कसर नाही, जून ते सप्टेंबर आहे. लोखंडी कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका.

आणि तिकिटं लॅमिनेट करू नका. हे मी हात जोडून सांगते. लोक प्रेमाने लॅमिनेट करतात आणि कागद कायमचा मारून टाकतात.

एक विचारते. कॉलरच्या आतल्या बाजूला काही काळी खूण आहे का? बारीक, टाक्याएवढी?

मॅटिनी

मामीने फ्रीझर उघडला आणि मटाराशेजारी जर्सी. कॅमेरा तयार ठेवा.

डबलडेकर

आत्ता बॅटरी मारून बघितलं. आहे! कॉलरच्या आत, शिवणीजवळ. एक आडवी रेघ, तिच्यावर दोन टिंबं, शेजारी उलटा 'ट'सारखं काहीतरी. मला वाटलं शाई सांडली असेल.

शिलाई_मशीन

शाई नाही, बिब्बा. धोबी लोक बिब्ब्याच्या रसाने खूण करायचे. कितीही उकळा, भट्टीत घाला, जात नाही. प्रत्येक घराची, प्रत्येक संस्थेची वेगळी खूण असायची, म्हणूनच शेकडो कपड्यांत आपला सदरा आपल्याकडे परत यायचा. ती खूण कुठे लिहिलेली सापडली तर तुमच्या जर्सीला जन्मदाखला मिळाला म्हणून समजा. कॉलरवालांचे फोटो जुळवणं आणि हे, एकच काम.

रद्दीपारखी

ताई, दंडवत. डबलडेकर, चोपडी उघडा! चार दिवस झाले, सगळे जर्सीवर बोलताहेत आणि चोपडीचं नाव कोणी घेत नाही. त्यात काय लिहिलंय?

डबलडेकर

मोडीसारखं गिचमिड अक्षर आहे म्हणून हात लावला नव्हता. रविवारी सकाळपासून बसलो. आई आली मदतीला. वाचून झालं तेवढं लिहितो, स्पेलिंग तसंच ठेवलंय.

'ब्लॅडर २ नग. लेस ६. डबीनचा डबा १. पंप वायसर.'
'शनवार. पाऊस. जर्सी १० + गोलकी १ धोब्यास दिल्या.'
'८ नंबर बाही उसवली, शिवली. दोरा २ आणे.'
'मैदान चिखल. बॉल पाण्याने जड. हेड मारून अँथनीचे डोके सुजले. बर्फ १ आणा.'

पहिल्या वीसेक पानांवर सगळा हिशेब आणे-पैत आहे, मग एका पानावर मोठ्या अक्षरात 'नवा हिशोब' आणि तिथून नये पैसे. रद्दीपारखीकाका, तुम्ही म्हणालात तेच. त्याच्या पुढे काही पानांवर हे:

'रोव्हर. कॅलटेक्स जिंकली. बघावयास गेलो. घरी उशीर, बोलणी खाल्ली.'

रद्दीपारखी

अंगावर काटा आला. कॅलटेक्सने रोव्हर्स जिंकला तो १९५८ मध्ये. मुंबईच्या कंपनीची टीम! ज्या नेव्हिल डिसूझांनी ५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारले, ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई, ते आधी टाटांकडून आणि मग कॅलटेक्सकडून खेळले. आज वांद्र्याला त्यांच्या नावाचं मैदान आहे. तुमचे आजोबा त्या गर्दीत उभे होते. कॅलटेक्स पुढे ७६ साली सरकारने घेतली आणि हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विरली. गिरण्यांचं ८२ च्या संपानंतर काय झालं ते लालबागच्या माणसाला मी काय सांगू. टीम गेल्या, त्यांची दप्तरं गेली. तुमच्या हातात जे आहे ते बहुधा आजोबांच्या गिरणीच्या टीमचं एकमेव दप्तर.

वसईची_ट्रेन

पहिल्यांदाच लिहितेय, फक्त वाचत होते. माझे वडील धोबीतलावच्या कुडीत राहायचे, गोव्याहून आलेल्या पोरांच्या खोल्या असत त्या. संध्याकाळी सगळे क्रॉस मैदानावर. ते सांगायचे, तेव्हाच्या बॉलची लेस कपाळावर लागली की दोन दिवस वण राहायचा. पावसात तर चामडं पाणी पिऊन दगड व्हायचं, म्हणून डबिन (चामड्याला लावायचं चरबीचं मलम) चोळायचे. डबलडेकर, बॉलला घरचं खोबरेल तेल लावू नका हं, चामडं मऊ पडून शिवणीत फाटतं आणि बुरशी धरते. माझ्या भावाने केलं तसं.

कॉलरवाला

जर्सी १० आणि गोलकी १. एकही जास्तीची नाही, लक्षात आलं का? तेव्हा बदली खेळाडूच नव्हते. विश्वचषकातसुद्धा ते १९७० ला आले. पाय मोडला तर दहाजण खेळायचे. मी इतकी वर्षं जर्सी जमवतोय, पण एका टीमचे सगळे कपडे अकराच असायचे हा विचार कधी डोक्यात आला नव्हता.

बिब्ब्याची खूण सापडली का चोपडीत?

डबलडेकर

सापडली. शेवटून तिसऱ्या पानावर. रेघ, दोन टिंबं, उलटा 'ट'. खाली 'फुटबाल'. वर 'क्यान्टीन' ची वेगळी खूण, 'दवाखाना' ची वेगळी. आईने पान बघितलं आणि हसायला लागली. म्हणाली, 'अरे, अण्णा कधी बॉलला पाय लावत नव्हते. लहानपणी पाय मोडलेला, डावा आखूड होता. आठवत नाही का, चप्पल कशी घालायचे?'

मला आठवत होतं. जोडलं नव्हतं कधी.

ते टीमचं सामान बघायचे. ड्यूटी संपली की जर्सी मोजायच्या, धोब्याकडे न्यायच्या, बॉल शिवायचा, हवा भरायची, मॅचला लाइनीबाहेर बर्फ घेऊन बसायचं. आई म्हणते यासाठी वेगळा पगार नव्हता, सामन्याच्या दिवशी अर्धी सुट्टी मिळायची. ८ नंबर कोणाचा होता ते चोपडीत एकदाच आलंय, आडनाव नाही. '८ नंबर अँथनी गावी गेला. जर्सी जमा.' त्यापुढे कुठेही त्या नंबरची धुलाई नाही. बाकी दहा चालू आहेत.

पेठेतला_पोरगा

काय बोलू सुचंना.

मॅटिनी

माझे सगळे जोक मागे घेतो. मामीचा सोडून.

रद्दीपारखी

विकायचं म्हणालात तर बाजारभाव खरा सांगतो: जर्सीला एखादा हौशी दोन-चार हजार देईल, तिकिटांना त्याहून जरा बरे, आणि चोपडीला रद्दीवाला किलोच्या भावाने घेईल. मला स्वतःला ती हवी आहे, म्हणून माझा सल्ला घेऊ नका. पण काहीही करा, हे चार जिन्नस एकमेकांपासून तोडू नका. चोपडीशिवाय जर्सी म्हणजे वांगी रंगाचं जुनं कापड. आज रात्रीच प्रत्येक पानाचा फोटो काढा. आणि आई सांगतेय ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून, एका कागदावर लिहून ट्रंकेत टाका. पेनाने नको, पेन्सिलने.

शिलाई_मशीन

पेन्सिलने, हो. स्टेपलर मारू नका, गंजतो. जर्सीसाठी पुठ्ठ्याचं खोकं आणि कागद मी देते, पैसे नकोत. चिखलाचा फोटो मात्र मला मोठा करून पाठवा.

डबलडेकर

विकत नाही. ट्रंक नव्या भाड्याच्या घरी आणली, कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवलंय. आई आता रोज दोन पानं वाचून दाखवते, मी टाइप करतोय. कालचं पान: 'कूपरेज. हरलो ३-०. जर्सी कोरड्या.'

जर्सी कोरड्या म्हणजे काय असेल? पाऊस नव्हता, की पोरं पळालीच नाहीत?

वसईची_ट्रेन

पोरं पळालीच नाहीत. वडील असेच टोमणे मारायचे.

कॉलरवाला

येत्या रविवारी सकाळी दहाला कूपरेजच्या गेटवर भेटूया का? जर्सी आणू नका, चोपडीच्या झेरॉक्स आणा. नाश्ता माझ्याकडून.

शिलाई_मशीन

झेरॉक्स नाही! त्या मशीनमध्ये चोपडी दाबून तिची पाठ मोडेल. फोटोच.